डी कमी म्हणून पॅराथायरॉईड वाढलं, की पॅराथायरॉईडमुळे डी कमी झालं?

पत्र थोडक्यात: एका तालुक्याच्या गावातल्या शिक्षिकेचं पत्र आहे. वय ५२, पाळी जाऊन तीन वर्षं झालीत. गेली दोनेक वर्षं अंग ठणकतं, मांड्या भरून येतात, खाली बसलं की उठताना कशाचा तरी आधार लागतो, दुपारनंतर गळून गेल्यासारखं होतं. मध्यंतरी मुतखडा झाला होता, तो पडून गेला. दिवाळीच्या सुट्टीत फुल बॉडी चेकअपचं पॅकेज केलं, त्यात व्हिटॅमिन डी ११ आलं. फॅमिली डॉक्टरांनी ६०,००० युनिटच्या पुड्या दिल्या, आठवड्याला एक, आठ आठवडे. हाडांच्या डॉक्टरांनी पीटीएच (पॅराथायरॉईड ग्रंथींच्या हार्मोनची टेस्ट) करायला लावलं, ते आलं १२४, रेंज १५ ते ६५. ते म्हणाले डी कमी आहे म्हणून वाढलंय, उतरेल. तीन पुड्या झाल्यावर ताईंनी इंटरनेटवर वाचलं की पॅराथायरॉईडचा आजार असेल तर व्हिटॅमिन डी म्हणजे विष. घाबरून पुड्या बंद केल्या, सोबत दूध आणि नाचणीही बंद. नणंद म्हणते डी बरोबर कॅल्शियमच्या गोळ्यापण घे. अमेरिकेतला भाचा म्हणतो स्कॅन करा आणि ऑपरेशन करून मोकळ्या व्हा. मिस्टर म्हणतात निम्म्या गावाचं डी कमी आहे, त्यात काय एवढं. ताई विचारतात, "मला नक्की काय आहे, डी ची कमतरता की पॅराथायरॉईड? पुडी घेऊ की नको? स्कॅन कुठला करू? बाकी सगळं नॉर्मल आहे, कॅल्शियम १०.४ आहे."

ताई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा मी शेवटच्या ओळीवर अडकले. अख्ख्या पत्रात डी आणि पीटीएच, डी आणि पीटीएच, आणि ज्या आकड्यापासून सुरुवात करायला हवी होती तो बिचारा शेवटी "बाकी सगळं नॉर्मल" च्या पोटात दडून बसलाय. कॅल्शियम १०.४. तुमच्या लॅबची रेंज ८.५ ते १०.५ असणार, त्यामुळे त्याच्यापुढे बाण नाही, ठळक अक्षर नाही, मग कोणाचं लक्ष जाणार? माझी ३१ वर्षं लॅबमध्ये गेली, रिपोर्टवर सह्या करण्यात, त्यामुळे हा बाणांचा खेळ मला चांगला माहितीये. ज्याच्यापुढे बाण तो गुन्हेगार, बाकीचे सगळे सज्जन, असं आपण धरून चालतो.

आधीच सांगते, मी डॉक्टर आहे पण तुमची डॉक्टर नाही, तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे खाली जे लिहितेय ते घेऊन तुमच्या डॉक्टरांशी बोलायचं आहे, त्याच्यावर स्वतःच औषधं ठरवायची नाहीत. पण तुमचा प्रश्न इतक्या जणींचा आहे (जणांचाही, पण बायकांमध्ये हा आजार पुरुषांच्या साधारण तिप्पट दिसतो, त्यातही पाळी गेल्यावर) की सविस्तर लिहिते.

गळ्यात थायरॉईडच्या मागच्या बाजूला चार बारक्या ग्रंथी असतात, प्रत्येक साधारण तांदळाच्या दाण्याएवढी. नावापुरतं सोडलं तर थायरॉईडशी त्यांचा काही संबंध नाही, शेजारी राहतात एवढंच. (गंमत म्हणून सांगते, या ग्रंथी पहिल्यांदा नोंदल्या गेल्या त्या माणसात नाही, तर आपल्या भारतीय गेंड्यात. लंडनच्या प्राणीसंग्रहालयातला एक गेंडा मेला, रिचर्ड ओवेन यांनी १८५० च्या सुमारास त्याची चिरफाड केली, त्यात त्यांना त्या दिसल्या. माणसातलं वर्णन आलं १८८० मध्ये, स्वीडनच्या इव्हार सँडस्ट्रॉम नावाच्या मेडिकलच्या विद्यार्थ्याकडून.) यांचं काम एकच, रक्तातल्या कॅल्शियमवर नजर ठेवणं. त्यासाठी त्या जे सोडतात ते पीटीएच.

आता सोसायटीची पाण्याची टाकी डोळ्यासमोर आणा. टाकी म्हणजे रक्त, पाणी म्हणजे कॅल्शियम. नळाचं पाणी म्हणजे आतड्यातून येणारं कॅल्शियम, आणि तो नळ पूर्ण उघडायला डी लागतं. मागे एक विहीर आहे, ती म्हणजे हाडं. आणि मोटर चालू-बंद करणारा वॉचमन म्हणजे पॅराथायरॉईड. डी कमी पडलं की नळाला धार येत नाही, टाकी उतरायला लागते, वॉचमन घाबरून विहिरीवरची मोटर लावतो आणि दिवसभर चालू ठेवतो. त्यामुळे टाकी कशीबशी अर्धीमुर्धी राहते पण विहीर आटत जाते. यात वॉचमनची काही चूक नाही, उलट तो इमानदारीत काम करतोय. रिपोर्टवर हे कसं दिसतं, तर पीटीएच वाढलेलं, डी कमी, आणि कॅल्शियम रेंजच्या खालच्या अर्ध्यात किंवा रेंजच्याही खाली. याला सेकंडरी म्हणतात, म्हणजे मूळ भानगड दुसरीकडे आहे, ग्रंथी फक्त प्रतिसाद देतायत.

दुसरा प्रकार असा की वॉचमनच बिघडलाय. टाकी काठोकाठ भरली तरी मोटर चालूच, पाणी गच्चीवरून वाहतंय तरी चालूच. हे प्रायमरी. चारातल्या एका ग्रंथीची साधी, बहुतेक वेळा कॅन्सर नसलेली गाठ झालेली असते (दर शंभरात ८०-८५ वेळा एकच ग्रंथी), आणि ती कोणाचं ऐकत नाही. इथे पीटीएच वाढलेलं आणि कॅल्शियमही वाढलेलं. आणि हे नीट लक्षात घ्या, कॅल्शियम वर असताना पीटीएच "नॉर्मल रेंज"मध्ये असलं, समजा ५५, तरीसुद्धा ते नॉर्मल नाही, कारण टाकी भरल्यावर मोटर बंद पडायला हवी होती, पीटीएच तळाला जायला हवं होतं.

म्हणून माझा मुद्दा एकच आहे ताई. पीटीएच एकटं वाचायचं नाही, कायम कॅल्शियमच्या शेजारी ठेवून वाचायचं, तेही त्याच दिवशीच्या, त्याच रक्तातल्या. आणि डी कमी असल्यामुळे कॅल्शियम कधीही वर चढत नाही. नळाला पाणी नाही म्हणून टाकी ओसंडली असं होईल का? तुमची टाकी १०.४ वर आहे, म्हणजे काठाला दोन बोटं कमी. डी ११ आणि पीटीएच १२४ असताना नुसती कमतरता असती तर मी ८.८, ९.० असं काहीतरी बघायची अपेक्षा केली असती. १०.४ बघून मी खुर्चीत सरळ होऊन बसते. लगेच निदान करत नाही, पण सरळ बसते.

आता तुमच्या प्रश्नाकडे, "डी ची कमतरता की पॅराथायरॉईड". हा "की" कुठून आला? हाडांच्या डॉक्टरांनी डी म्हटलं, भाच्याने पॅराथायरॉईड म्हटलं, आणि तुम्ही दोघांतला एक खरा असं धरलंत. आपल्याकडे हे दोन्ही एकत्र असणं फार नेहमीचं आहे. एक तर डी ची कमतरता घरोघरी आहे, मिस्टरांचं बरोबरच आहे, त्यामुळे ज्याला पॅराथायरॉईडची गाठ होईल त्यालाही ती असायची शक्यता मोठी. आणि दुसरं, जे लोकांना माहिती नसतं, ती बिघडलेली ग्रंथी स्वतःच डी संपवते. पीटीएच जास्त असलं की शरीर साठ्यातलं डी भराभर वापरून टाकतं, म्हणून टेस्टमध्ये ते कमी दिसतं. म्हणजे "डी कमी म्हणून पीटीएच जास्त" हे जितकं खरं असू शकतं तितकंच "पीटीएच जास्त म्हणून डी कमी" हेही. वर आणखी एक, डी फार कमी असेल तर ते कॅल्शियमला खाली ओढून धरतं, त्यामुळे खरं तर १०.९ असलेलं कॅल्शियम १०.३, १०.४ असं सभ्य दिसतं आणि आजार झाकला जातो. पुड्या घेतल्या, डी भरलं, की मग तो उघडा पडतो. पुड्यांनी आजार केला असं नाही, पुड्यांनी पांघरूण काढलं.

तुमचा घोळ जुना आहे, शंभर वर्षांचा. तेव्हा व्हिएन्नात मोठमोठे लोक असं मानायचे की हाडं आजारी पडतात आणि त्यांना मदत म्हणून ग्रंथी मोठी होते. १९२५ मध्ये तिथल्या फेलिक्स मांडल या सर्जनकडे एक ट्राम कंडक्टर होता, हाडं इतकी पोखरलेली की चालणं मुश्किल. त्याला आधी काय केलं तर पॅराथायरॉईडचा अर्क दिला, मग दुसऱ्या माणसाच्या ग्रंथी त्याच्यात बसवल्या! म्हणजे मोटर आधीच चोवीस तास चालू, त्यात आणखी एक मोटर. अर्थातच उपयोग झाला नाही. मग मांडलनी उलटा विचार केला, गळा उघडला, गाठ सापडली, काढली, आणि माणूस सुधारला. पुढे काही वर्षांनी दुखणं परत आलं हेही खरं, पण कोण कारण आणि कोण परिणाम, तो प्रश्न तिथे उलटा करून बघितला गेला. तुमच्या बाबतीतही तेवढंच करायचंय.

आता स्वतःची एक गोष्ट सांगते, सांगायला लाज वाटते पण सांगते. माझी सख्खी मोठी वहिनी. दरवर्षी वाढदिवसाच्या महिन्यात रक्त तपासायची, आमच्याच लॅबमध्ये. एका गणपतीत बाथरूममध्ये साधी घसरली आणि मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्याने मोडलं म्हणून मी तिची फाईल मागवली आणि डायनिंग टेबलवर सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे मांडले, मोदकांची ताटं बाजूला सारून. कॅल्शियम: १०.३, १०.६, १०.५, १०.८, १०.७. पाच वर्षं. वेगवेगळ्या पानांवर ते काहीच वाटत नव्हते, एका ओळीत ठेवले तर शाळेतल्या मुलालाही कळलं असतं. त्यातल्या दोन रिपोर्टवर सही माझी. वहिनी शांतपणे म्हणाली, "म्हणजे तू बघत होतीस ना गं?" पीटीएच केलं ते १४० च्या घरात, डी १४. ऑपरेशनमध्ये निघालेली गाठ शेंगदाण्याएवढी. त्यानंतर मी काठावरच्या आकड्यांकडे जास्त बघायला लागले, पण मनगट मोडायचं ते मोडलंच.

म्हणून ताई पहिलं काम फुकटातलं आहे. घरात जेवढे जुने रिपोर्ट असतील, मुतखड्याच्या वेळचे, पॅकेजचे, ते काढा आणि फक्त कॅल्शियमचे आकडे तारखेसकट एका कागदावर लिहा. पाच वर्षांपूर्वीही १०.४ असेल तर वेगळी गोष्ट, ९.३ वरून चढत आलं असेल तर वेगळी.

मग त्याच पॅकेजच्या रिपोर्टात लिव्हरच्या पानावर अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) शोधा. रक्तातलं साधारण चाळीस टक्के कॅल्शियम प्रोटीनला चिकटून फिरतं, त्यामुळे अल्ब्युमिन कमी असेल तर कॅल्शियम खोटंच कमी दिसतं आणि जास्त असेल तर खोटंच जास्त. हिशोब सोपा आहे, तुम्ही शाळेत शिकवता तेवढाच: ४ मधून अल्ब्युमिन वजा करा, ०.८ ने गुणा, कॅल्शियममध्ये मिळवा. समजा अल्ब्युमिन ३.५ आहे, तर तुमचं खरं कॅल्शियम १०.८ होतं आणि मग प्रकरण गंभीरपणे घ्यायचं. समजा ४.७ आहे, तर ९.८ च्या आसपास, मग हाडांचे डॉक्टर बरोबर असायची शक्यता वाढते. बघा, एका आकड्याने अख्खं चित्र फिरतं आणि तो आकडा तुमच्या कपाटात पडलाय, त्याचे पैसेही भरून झालेत! शंका राहिली तर आयोनाइज्ड कॅल्शियम (प्रोटीनला न चिकटलेलं, मोकळं) करता येतं, ते चांगल्या लॅबमध्येच करा कारण सॅम्पल नीट हाताळलं नाही तर काहीही येतं.

(परदेशातल्या वाचकांसाठी: इंग्लंड-ऑस्ट्रेलियात कॅल्शियमचे आकडे वेगळ्या एककात असतात, आपल्या आकड्याला साधारण ४ ने भागा, म्हणजे १०.४ चं २.६ होतं. डी चं उलटं, आपल्याला अडीचने गुणायचं.)

नंतर नव्याने तपासणी, सगळं एकाच वेळी, एकाच सुईत: कॅल्शियम, अल्ब्युमिन, फॉस्फरस, क्रिएटिनिन, मॅग्नेशियम, अल्कलाइन फॉस्फेटेज, डी आणि पीटीएच. सकाळी उपाशीपोटी. आधल्या दिवशीपासून कॅल्शियमची गोळी नको. दंडाला पट्टा बांधून पाच पाच मिनिटं शीर शोधत बसले तर त्यानेही कॅल्शियम वर दिसतं, तसं झालं तर सांगा की पट्टा सोडा आणि परत बांधा. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू आहेत का? पन्नाशीच्या आसपास बऱ्याच बायका घेतात आणि डॉक्टरांना सांगत नाहीत कारण ते "औषध" वाटत नाही. बायोटिनने पीटीएचचा आकडा चुकीचा येऊ शकतो, बहुतेकदा खोटा कमी, तेव्हा लॅबला विचारून दोन-तीन दिवस आधी बंद करा. डी ची टेस्ट २५-हायड्रॉक्सी हीच हवी. एक १,२५ नावाची महागडी टेस्ट असते, नाव मोठं म्हणून लोक तीच करून येतात, आणि डी कमी असतानासुद्धा ती नॉर्मल किंवा जास्तही येते, मग सगळा गोंधळ.

बीपीची गोळी चालू असेल तर पाकिटावर नाव नीट वाचा. हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन हे दुसऱ्या औषधासोबत एकाच गोळीत असतं, बऱ्याचदा ब्रँडच्या नावापुढे नुसतं "एच" किंवा "सीटी" अशी शेपटी. त्याने लघवीतून कॅल्शियम जाणं कमी होतं आणि रक्तात वाढतं. लिथियमनेही (मानसिक आजारावरचं औषध) कॅल्शियम आणि पीटीएच दोन्ही वाढतात. पण डॉक्टरांना न विचारता यातलं काहीही बंद करू नका, फक्त सांगा.

क्रिएटिनिन का, तर किडनी थकली असेल तरी पीटीएच वाढतं, डी चा काही संबंध नसताना. फॉस्फरस दोन्ही आजारांत कमी असू शकतं, त्याच्यावर फार भिस्त नको.

आणि मुतखडा. हा तुमच्या पत्रातला दुसरा शब्द जो एकाच वाक्यात येऊन गेला. नुसत्या डी च्या कमतरतेत लघवीतून कॅल्शियम उलट कमी जातं. मुतखडा आपल्याकडे भरपूर जणांना होतो, विशेषतः उन्हाळ्यात पाणी कमी प्यायलं की, त्यामुळे तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, पण काठाला टेकलेलं कॅल्शियम, दुप्पट पीटीएच आणि मुतखडा हे तिघं एका घरात दिसले की त्यांचं नातं विचारावंच लागतं. खडा पडला तेव्हा तपासायला दिला होता का? नसेल दिला, कोणी देत नाही.

दुखणं दोन्हीकडे सारखंच, म्हणून लक्षणांवरून तुम्हाला किंवा मला ओळखता येणार नाही. थकवा, अंगदुखी, उदास वाटणं हे दोन्हीत. तरी थोडा फरक असा की नडगीच्या हाडावर बोटाने दाबलं तर कळ येणं, जिना चढताना, उकिडवं बसून उठताना मांड्यांनी साथ सोडणं हे डी फार कमी असल्याच्या बाजूला झुकतं. सारखी तहान, रात्री तीन-तीनदा लघवीला उठणं, नव्यानेच सुरू झालेली बद्धकोष्ठता, मुतखडे, हे कॅल्शियम जास्त असल्याच्या बाजूला. तुमच्याकडे थोडं इकडचं थोडं तिकडचं आहे, जे मी वर म्हटलं त्याच्याशी जुळतं, दोन्ही असू शकेल.

आता पुडी. "विष" हा शब्द ज्याने लिहिला त्याला माझ्यासमोर आणून बसवावंसं वाटतं. त्यात सत्याचा अंश आहे, तो असा की कॅल्शियम आधीच बरंच जास्त असताना मोठ्या डोसने डी भरलं, वर कॅल्शियमच्या गोळ्या, तर कॅल्शियम आणखी चढू शकतं. पण प्रायमरीच्या रुग्णांनाही डी कमी असेल तर ते भरून काढावं असंच आजचे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक नियम सांगतात, फक्त हळूहळू आणि कॅल्शियम तपासत. डी ११ वर ठेवून दिलं तर ग्रंथीला आणखी चेव येतो, हाडं आणखी झिजतात, आणि समजा ऑपरेशन झालंच तर नंतर कॅल्शियम धाडकन खाली येतं, कारण भुकेली हाडं रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतात. वहिनीला ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी ओठांभोवती मुंग्या यायला लागल्या होत्या, काही आठवडे कॅल्शियम द्यावं लागलं.

तेव्हा कायमची बंद करू नका, पण उद्या सकाळी चौथी पुडी फोडूही नका. आधी वरची तपासणी. मग डॉक्टर ठरवतील तीच पुडी चालू ठेवायची की रोजचा १,००० किंवा २,००० युनिटचा छोटा डोस द्यायचा, आणि सुरू केल्यावर तीन-चार आठवड्यांनी कॅल्शियम परत बघायचं हे त्यांच्याकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. सहा लाखांचं एकदम इंजेक्शन कोणी सुचवलं तर तुमच्या बाबतीत तरी नको म्हणा. नणंदेच्या कॅल्शियमच्या गोळ्याही सध्या नको. मात्र दूध, दही, नाचणी, तीळ बंद केलंत ते परत सुरू करा! जेवणातलं कॅल्शियम तोडलं की वॉचमन विहिरीवर आणखी तुटून पडतो, अगदी प्रायमरी निघालं तरी जेवणातलं कॅल्शियम कमी करायला सांगत नाहीत. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या जवळपास कॅल्शियम असतं, सकाळची आंबील कशाला सोडता. आणि पाणी भरपूर, मुतखड्यासाठी.

पुड्यांचा खरा धोका वेगळाच आहे, तो इथेच सांगून टाकते. एक आजी आमच्याकडे आल्या होत्या, उलट्या, गुंगी, जीभ कोरडी ठाक. कॅल्शियम १३ च्या पुढे. मुलाने पिशवीतून स्टीलचा डबा काढला, त्यात रिकाम्या पुड्यांच्या चळती, रबर लावून. आठवड्याला एक सांगितलेली पुडी आजी रोज रात्री दुधातून घेत होत्या, दीड महिना, "गुण येतोय म्हणून". त्यांचं पीटीएच तळाला गेलेलं. म्हणजे बघा, तिथे वॉचमनने मोटर कधीच बंद केली होती, पाणी दुसरीकडून येत होतं. कॅल्शियम जास्त आणि पीटीएच कमी, ही तिसरी जोडी, तिथे पॅराथायरॉईड निर्दोष असतं आणि दुसरं कारण शोधावं लागतं, डी चा अतिरेक हे त्यातलं एक, आणि कधीकधी कॅन्सरही, म्हणून अशा रिपोर्टला उशीर करायचा नाही.

भाच्याला माझा निरोप द्या: स्कॅन शेवटी. सेस्टामिबी स्कॅन, गळ्याची सोनोग्राफी, हे आजार आहे की नाही हे ठरवायला नसतात, आजार रक्तावर ठरल्यानंतर गाठ कुठे आहे हे सर्जनला कळावं म्हणून असतात. स्कॅन कोरा आला म्हणून आजार नाही असं होत नाही, आणि थायरॉईडची एखादी साधी गाठ चमकली म्हणून आजार आहे असंही नाही. आत्ता स्कॅन केलात तर जो रिपोर्ट येईल त्याने तुमच्या घरात आणखी तीन मतं तयार होतील.

रक्तावर प्रायमरी वाटलं तर ऑपरेशनच्या आधी चोवीस तासांची लघवी तपासतात. लॅब कॅन देते, सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची आणि तिथून दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या लघवीपर्यंत सगळी त्यात जमा, रविवारी करा, शाळेत कॅन घेऊन कुठे जाणार. ही का, तर काही घराण्यांमध्ये जन्मतःच कॅल्शियम थोडं वर असतं आणि लघवीतून फार कमी जातं, पीटीएचही थोडं जास्त, सगळं हुबेहूब प्रायमरीसारखं, पण त्यांना काही होत नाही आणि ऑपरेशनचा उपयोगही नाही. भावा-बहिणीचं कॅल्शियम कधी जास्त आलं होतं का विचारून ठेवा. एवढंच की डी कमी असतानाही लघवीतलं कॅल्शियम कमी येतं, म्हणून डी थोडं भरल्यावर केलेली टेस्ट जास्त विश्वासाची.

सोबत किडनीची सोनोग्राफी, आणि हाडांची डेक्सा (हाडं किती भरीव आहेत ते मोजणारी तपासणी), त्यात मनगटाजवळचा हात मुद्दाम मागून घ्या. बहुतेक ठिकाणी कंबर आणि खुब्याचंच काढतात, पण हा आजार हाताच्या हाडाला आधी गाठतो. वहिनीचं कंबरेचं बरं होतं, माहितीये?

प्रायमरी ठरलं तर घाबरू नका. सगळ्यांचं ऑपरेशन करत नाहीत, पण वय पन्नासच्या आत, कॅल्शियम रेंजच्या एक पूर्ण आकडा वर, हाडं ठिसूळ, किडनी मंदावलेली, किंवा मुतखडा, यातलं एक जरी असलं तरी सुचवतात, आणि मुतखडा तुमच्याकडे आहे. अनुभवी हातात पंचाण्णव टक्क्यांच्या वर लोक एका ऑपरेशनमध्ये बरे होतात. सर्जनला सरळ विचारा वर्षाला पॅराथायरॉईडची किती करता, अपमान नाही होत त्यात. त्याआधी एंडोक्रायनॉलॉजिस्टला (हार्मोनच्या आजारांच्या डॉक्टरांना) दाखवा, तालुक्याला नसतील पण पुणे-मुंबईत आहेत, मुंबईत केईएमला तर स्वतंत्र विभागच आहे.

आणि उलट निघालं, म्हणजे कॅल्शियम मधोमध आलं आणि डी भरत गेलं तसं पीटीएच उतरत गेलं, तर हाडांचे डॉक्टर बरोबर आणि माझी शंका फुकट गेली, आनंदच आहे. पण पीटीएच उतरायला तीन ते सहा महिनेसुद्धा लागतात, विहीर भरल्याशिवाय वॉचमन निश्चिंत होत नाही, तेव्हा तिसऱ्या आठवड्यात टेस्ट करून परत घाबरायचं नाही. ज्या वाचकांचं डी ९, पीटीएच ९५ आणि कॅल्शियम ८.७ असं आहे त्यांनी तर हे पत्र वाचून पॅराथायरॉईडचा धसका अजिबात घेऊ नये, तुमचं गणित बहुधा सरळ डी चं, किंवा पोटात जाणाऱ्या कॅल्शियमचं आहे, एकदा क्रिएटिनिन बघा आणि पुडी सांगितल्याप्रमाणे, आठवड्याला एकच, घ्या.

तोवर तहान फार वाढली, उलट्या, सुस्ती, बोलण्यात घोटाळा असं काही झालं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी कॅल्शियम करा.

डॉक्टरांकडे जाताना भाच्याचे व्हॉट्सॅप दाखवू नका, चिडतात. एका कागदावर तारखा आणि कॅल्शियमचे आकडे, खाली एकच प्रश्न: "कॅल्शियम १०.४ असताना पीटीएच १२४ का?" आणि ते अल्ब्युमिन, लिव्हरच्या पानावर, बहुतेक बिलिरुबिनच्या खाली सापडेल, सापडलं की मला कळवा.